कॅनडावाली

दर शनिवारी, कुलरात पाणी भरून झालं की
धनविजय काका येतात काउंटरशी.
ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते, आता रिटायर.
"कॅनडावाली आली का गा?"
"नाही जी."
मग नेहमीचीच घेतात, एक,
पेपरात गुंडाळून.

मी विचारलं होतं गोदामात. मालवाला हसला.
मुंबईत एका हॉटेलात मिळते म्हणे कधीमधी,
आपल्याकडं लेबलाची नोंदच नाही,
आन् कोण घेईन बाप्पा सहाशेची बाटली
सत्तेचाळीस डिग्रीत?
इथं 'चिल्ड' एवढाच ब्रँड चालते.

एकदा काका रिकामी बाटली घेऊन आले.
लोकरी मोज्यात घालून तिकडून आणलेली.
हिरवी काच, लेबलावर बदकासारखा पक्षी, लाल डोळ्यांचा.
मागची बारीक अक्षरं त्यांना पाठ, पोरानं वाचून दाखवलेली:
नवरा बोटीवरून परतला नाही तेव्हा
एका बाईनं घरामागं सुरू केली.
नदी गोठली की बर्फ करवतीनं कापायचा,
लाकडाच्या भुशात पुरून जूनपर्यंत पुरवायचा.
मग तिथं दारूबंदी आली.
नातवांनी बारा वर्षं व्हिनेगर विकलं,
पिंपं मात्र दर आठवड्याला धुतली.

"म्हणजे आपलं वर्धाच," मी म्हणालो.
"हो. बुटीबोरीच्या समोर अख्खा देशच तसा, समज."

आणि मग लेबलावर अंगठा घासत बोलले,
कधी नव्हे ते:
"इथं पोट्टा माह्यासमोर पाय लांब करून बसला नाही कधी.
तिथं गॅरेजात, बाहेर उणे बावीस,
बर्फ काढून आलो दोघं फावड्यानं.
त्यानं दोन खोलल्या. एक माह्यासमोर ठेवली.
तो काही बोलला नाही. मीबी नाही.
चव? चवीचं नको विचारू.
आपली बरी हाये."

बाटली इथंच राहू दे म्हणाले,
घरी नेली तर काकू फिनाइल भरतील.
मी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली, पक्षी बाहेर करून.
दार उघडलं की रिकामीलाही घाम फुटतो, बाकीच्यांसारखाच.
लॉ कॉलेजची पोट्टी काचेवर बोट ठेवतात, केवढ्याची?
संपली, म्हणतो.

शनिवारी काका आधी त्या कप्प्याकडं बघतात,
मग माझ्याकडं.
"आली का गा?"
"नाही जी," म्हणतो मी,
आणि पेपर फाडायला घेतो.