एकतीस जोड

मूर्ती आली परकारच्या व्हॅनमधून,
मायक्रोवेव्हच्या खोक्यात, पापडांच्या पिशव्यांखाली.
मंगफ, चौथा मजला, आमचा हॉल.
पडद्यांवर आणखी चादरी,
एसी सोळावर, तरी घाम.

टाळ नाहीत.
टाळी वाजवायची ती दोन बोटांनी तळव्यावर,
कुडाळकर वहिनींनी आदल्या रात्री शिकवली,
तान्ह्याला थोपटतात तशी.
दिघ्यांची आरती म्हणे गावी
नदीपलीकडे ऐकू जायची.
इथे ते वरच्या सुराला
फक्त भुवया उंचावत होते.
नियम कुणी वाचला नव्हता,
भीती मात्र सगळ्यांची तोंडपाठ.

दुसऱ्या कडव्याला दार वाजलं.
फिलोमिना तुस्कानोनं निरांजनावर फुंकर मारली.
फुंकून विझवू नये, हे तिला ठाऊक नव्हतं.
आम्हाला होतं,
आणि खूण आम्हीच केली होती.

दारात बिल्डिंगचा हारिस,
अब्देल मवगूद, सोहागचा.
दोन्ही हातांत तांदळाच्या गोणी,
गोणींत आमच्या चपला.
एकतीस जोड, लिफ्टपर्यंत पसरलेले,
त्यानं वेचून आणले होते.
"तुम सब चूप," तो म्हणाला, "जूता बात करता."

मोदक घेतला नाही.
उंबऱ्यावरच हवा हुंगली,
"काफूर?" म्हणाला.
"कापूर," मी म्हणाले.
मग हातानं पाणी ओतल्यासारखं केलं,
"बाबा. आखरी नहाना."
आणि जिना उतरून गेला.

गोणी हॉलमध्येच उपड्या केल्या, देवासमोर.
जोड्या लावताना कुणाच्या पायात कुणाची,
दिघ्यांच्या हातात नर्सबाईंचा पांढरा बूट,
आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो
की आरती त्यामानानं काहीच नव्हती.

दीड दिवसानं विसर्जन. बादलीत.
ते पाणी कुंडीतल्या ओव्याला.

एक चप्पल उरली.
डाव्या पायाची, तपकिरी, टाच झिजलेली.
एकतिसांतल्या कुणाचीच नाही.
हारिसला विचारलं, त्यानं खांदे उडवले.
दाराआड ठेवलीय,
टाकवत नाही.

शुक्रवारी कोपऱ्यावरच्या मशिदीबाहेर
चपला फुटपाथ ओलांडून रस्त्यावर येतात,
भर उन्हात, उताण्या, पालथ्या,
कुणालाही न भिता.
मी डबे पोचवून परतत असते.
चाल जराशी मंदावते,
आणि नजर उजव्या पायाची
एक तपकिरी शोधत राहते.