ओच्यातले दाणे

फेब्रुवारी होता, लेये नदी काठाकाठाने गोठलेली.
नगरपालिकेसमोर चौकात आम्ही बाया उभ्या,
आत चोवीस पोरं, एक लाकडी पिंप,
पिंपात चोवीस चिठ्ठ्या.
सहापर्यंतचा आकडा आला की पलटण.
सातपासून पुढे, घर.

माझ्या ओच्यात घेवड्याचे दाणे होते,
अठरा पांढरे, सहा काळे.
एव्हारिस्ट मास्तर म्हणाले होते,
पहिला हात घाला की शेवटचा, सारखंच आहे बाई,
चारात एक.
मास्तरांना मूल नव्हतं.

पोरं आडनावांच्या क्रमाने जात होती,
आमचं व्हेर्मोट, शेवटून दुसरं.
शिपाई खिडकीतून आकडा ओरडायचा
आणि मी एक दाणा चिखलात टाकायचे.
काढलेली चिठ्ठी परत पिंपात जात नाही.
बारा पोरं झाली तेव्हा काळे दोनच गेले होते.
उरल्या बारांत चार.
तिनात एक.
सुटलेल्या प्रत्येक पोराला मी मनात शिव्या दिल्या,
ज्यांना पाळण्यात बघितलं होतं त्यांना.

मग पुढच्या पाचांत तीन काळे गेले:
सुताराचा, घंटा वाजवणाऱ्याचा, आणि तो तोतरा रेमी.
त्यांच्या आया तिथेच खाली बसल्या
आणि माझ्या बोटांत ऊब आली.
सातात एक.
त्यानंतर चौघे हसत बाहेर.
तीन दाणे. दोन पांढरे, एक काळा.
पुन्हा तिनात एक,
इतका वेळ उभी राहून मी होते तिथेच.

कोलेता माझ्या शेजारी होती.
आमची विहीर एक, पावाची भट्टी एक,
मी तापात होते तेव्हा
माझ्या कामीलला तिने अंगावर पाजलंय.
तिचा ओदिलोन आत गेला.
मी काय मागितलं ते देवाला माहीत आहे,
त्याने लगेच दिलं.

"चार!" शिपाई ओरडला.

मी हसले.
मोठ्याने नाही. पण कोलेताने ऐकलं.

कामीलचा हात अजून पिंपात जायचाच होता.
आता तो कसाही गेला असता तरी चाललं असतं.

रात्री उरलेले दोन दाणे मी सुपात टाकले.
सगळं शिजलं, ते दोन नाही.
कामील म्हणाला, आई, खडा आला.

एकवीस वर्षं झाली. ओदिलोन परतला,
एका कानाने बहिरा, पण परतला.
कोलेता विहिरीवर भेटते, माझी बादली उचलू लागते.
दोर मात्र
माझ्या हातात कधी देत नाही.