पाय ओले झाले की

नियम असा : डोलकाठीच्या शेंड्याला
पंचेचाळीस किलो बांधायचे,
होडी आडवी पाडायची,
आणि हात न लावता ती उठली पाहिजे.

वजनं जिनिंगच्या काट्यावरून आणली,
सरकीची बोंडशी अजून चिकटलेली.
त्याच शेडमध्ये दोन हंगाम, कापूस नसताना,
बांधली होती एकवीस फूट.

मे महिना. धरण मृतसाठ्याला टेकलेलं.
खोल पाणी उरलं ते फक्त सिंदफणेच्या जुन्या पात्रात.
तिथं थर्माकोलच्या तराफ्यांवर भोई आले,
दामू घटे, त्याचा मेव्हणा, आणखी तिघं.
"दोन वर्षं बांधली न् आता पाडायची?"
पाडा, म्हणलं.
पाडली.
एक. दोन. तीन.
कुणी बिडीसुद्धा ओढली नाही.
आठाला उठली,
डबक्यातून म्हैस उठते तशी, पाणी झाडत.
दामू एवढंच म्हणाला, "बेस."
मी वहीत लिहिलं :
आठ सेकंद. साक्षीदार पाच.
त्यातले तीन अंगठे.

वादळातलं शीड हबीबमामूनं शिवलं.
जन्मभर ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या त्यानं,
समुद्र बघितला नाही, मीही तोवर दोनदाच.
"कपडा नई फटता बेटी, कोना फटता,"
म्हणून तिन्ही कोपऱ्यांना पाच-पाच थर.
पैसे घेताना दोन नोटा परत केल्या,
का ते सांगितलं नाही.

अर्जात एक रकाना होता : मूळ बंदर.
खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"मुद्रिका नाईकनवरे. माजलगाव.
हे कुठल्या खाडीवर?"
बीड जिल्हा, म्हणलं.
त्या हसल्या नाहीत. शिक्का मारला.
शाई सुकली होती,
पुन्हा मारला.

सगळ्यात अवघड झोप, असं शिकवणारे सांगतात.
वीस मिनिटं झोप, ऊठ, चौफेर बघ, परत वीस.
क्षितिजावर उगवलेलं जहाज
अंगावर यायला तेवढाच वेळ घेतं.
बाकीच्या पोरांना जमायला सहा महिने लागले.
मला सरांनी विचारलं, आधी कुठं केलंस हे?

आमच्याकडं शेतीची लाईट रात्री यायची,
कधी एकला, कधी तीनला,
कधी येऊन मोटार घरघरली की जायची.
आई उसाला दारं धरायची, बॅटरी माझ्याकडं.
एक सरी भरेपर्यंत बांधावर डोळा लागायचा.
पाणी टोकाला पोचलं
की पाय ओले व्हायचे.
तोच गजर.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

पात्रतेची फेरी : तीनशे मैल,
एकटीनं, न थांबता, इंजिनाला लाखेचं सील.

तिसऱ्या रात्री आपोआप चालणारं सुकाणू बंद पडलं.
उघडून बघितलं, फुंकलं, शिव्या घातल्या,
त्यातल्या काही मामांच्या खास ठेवणीतल्या.
ओठांवर मीठ.
आमच्या बोअरचं पाणीपण असंच, चहा नासतो त्यात.
वहीत वारा लिहायचा, दिशा, वेग, दुरुस्ती.
मी लिहिलं : २:४०. भीती.
खोडलं नाही.

सुकाणूचा दांडा काखेत धरून बसले,
बसल्याबसल्या गेले.

पाय ओले झाले.
उठले ती दारं मोडायला.
अंधारात हात फावडं शोधत होता,
फावडं नाही, दोर लागला.
मग दिसलं :
दोन पांढरे, खाली एक लाल,
आणि गावातल्या साखर कारखान्याएवढं काळं काहीतरी
माझ्याच वाटेवर.
दांडा लोटला.
होडीनं जरा विचार केला, मग वळली,
नव्या सरीत पाणी वळतं तशी,
आधी थोडं, मग एकदम.

२:५८. जहाज गेलं.
त्याच्या लाटेनं वही भिजली.
शीड ठीक. कोपरे ठीक.
अजून एकशे बारा मैल.
वीस मिनिटांचा गजर लावला,
आणि पाय तसेच, बाहेर, पाणी येईल तिथं ठेवले.