फक्त पार्सल

चार वाजता शटर. असा कागद आला,
गोल शिक्का, सही वाचता येत नाही.
निम्म्या खुर्च्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या
दस्तगीरनं मारल्या. आठवड्यात दुसरा कागद:
फुल्या नकोत, खुर्च्याच नकोत.
फक्त पार्सल.

म्हणजे तांबडा एका पिशवीत,
पांढरा दुसरीत, तोंडाला दोरा.
पण "अजून वाढू का?"
हे कुठल्या पिशवीत भरायचं?
आमच्या गंगावेशीत रश्श्याला माप नव्हतं कधी.

बँकेत गेले. अर्जात रकाना: आसनसंख्या.
बावीस लिहिलं. साहेब म्हणाले, आज किती?
खोडून शून्य लिहिलं.
शून्यावर कर्ज बसत नाही म्हणाले.
परवान्याची फी मात्र
बावीसवरच बसली होती.

तालमीतला रावजी रोज सांजच्याला
शटरच्या फटीतून डबा सरकवतो.
मैदानं बंद, खिसा बंद.
मी भरते, बोलत नाही.
तो वळला की मास्काआडून ओरडते,
"आरं थांब की, पांढरा ऱ्हायला!"

दस्तगीर वही उघडून बसलेला.
"आक्का, हे कुठं मांडू?"
भगुणं पालथं घालत म्हणते,
आसनसंख्येत मांड.
एक.