जोडाक्षर

जांभळी नाक्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
एकतीस वर्षं मी नावं घातली.
घागरीवर, परातीवर, पोळ्यांच्या डब्यावर.
अक्षरागणिक पैसे,
जोडाक्षराला चार आणे जास्त.

मग माझेच जोड सुजले.
'प्रीत्यर्थ'मधलं एकही अक्षर सुटं नाही
हे हाताला त्या वर्षी कळलं.

डॉक्टरांची दोन मिनिटं, सहा महिन्यांतून एकदा.
चिठ्ठी वाचता यायची नाही
मला, अक्षरं खाऊन जगलेल्याला.

कळव्याच्या इस्पितळात, एक्स-रेच्या मागची खोली.
मंगळवारी तिथे खरटमल सिस्टर बसतात, एकट्या.
"सकाळी काय जमत नाही?"
चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, शर्टाचं वरचं बटण.
त्यांनी पेन खाली ठेवलं नाही,
वाट बघत राहिल्या,
तेव्हा लेंग्याच्या नाडीचंही सांगितलं.

एकेक सांधा दाबून पाहिला. अठ्ठावीस.
मग म्हणाल्या, "आता तुम्ही दाबा. घरी मी नसते."

तेव्हापासून वही आहे.
हात किती वेळ आखडलेले, रोज एक ओळ:
नळाला पाणी येऊन जाईपर्यंत.
नळाला पाणी येऊन जाईपर्यंत.
श्रावणात एकदा: दूध तापेपर्यंत.

ती मोठी गोळी आठवड्यातून एकदाच,
रोज घेतली तर घात.
म्हणून स्टीलच्या डबीवर मीच कोरलं: सोम.
टोच्याला सायकलची ट्यूब गुंडाळून,
त्यांनी चमच्याला गुंडाळून दाखवली होती तशी.
दोन अक्षरं, दोन्ही सुटी.
तरी मध्ये चहा घ्यावा लागला.

"बोटं सरळ होतील का?"
"नाही हो. याच्यापुढे वाकू नयेत, एवढं बघू."
त्या 'बघू'त मीही होतो.

माघात फोन मीच लावला.
पूर्वी म्हणालो असतो, फार त्रास आहे.
म्हणालो: उजवं मनगट, तीन दिवस, हाताला गरम लागतंय,
आणि रक्त तपासायचं राहिलंय या महिन्याचं.
पलीकडून कागद उलटल्याचा आवाज.
"उद्याच या."

काल बाकावर शेजारी एक पोरगी,
वागळे इस्टेटात पॅकिंगला.
बाटलीचं झाकण निघेना तिच्याने.
मी हात पुढे केला, मागे घेतला.
म्हटलं, बोटांनी नको, तळहात ठेव वर,
आणि खांद्यातून फिरव.

निघालं.
थोडं सांडलं ओढणीवर.