नात्याचा रकाना

मनामाच्या टायपिंग सेंटरमध्ये
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
मुखत्यार कोण? बशीर विचारतो.
मी बोट दाखवतो:
दिलावर हुसैन मुकादम, मुक्काम हर्णै,
सध्या माझ्या खोलीतला खिडकीकडचा पलंग.

नातं?

एकोणतीस वर्षं एक गॅस सिलेंडर,
एकच नेलकटर.
रमजानात मी दाराआड चहा प्यायचो,
माझ्या संकष्टीला तो साबुदाणा भिजवायचा,
पाणी नेहमी जास्त.
याला अरबीत काय म्हणतात?

मुलगा मेलबर्नहून म्हणाला, बाबा, परका माणूस?
गेल्या महिन्यात भर बाजारात
खोलीचा रस्ता हरवला,
तेव्हा एकच नंबर पाठ निघाला.
तुझा नव्हता रे.

बशीर कलम वाचतो:
भान गेल्यावरही हे पत्र चालू राहील.
भान गेलं, हे ठरवणार कोण?
डॉक्टर.
दिलावर पुटपुटतो, त्याआधी मला कळेल.
हा भातावर लिंबू पिळायचं विसरेल.

रकान्यात उजवीकडून उमटलं, 'मित्र'.
पैसे दिलावरने दिले.
म्हणाला, आतापासूनच सुरू.

कागदात मावलं नाही ते वाटेत सांगितलं:
नळ्या फार दिवस नकोत.
दाढी मात्र रोज.
आणि मी ओळखलं नाही तर चिडू नकोस,
नाव पुन्हा सांग, गावासकट.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, कांदे आहेत का रे घरी?

नव्हते.
मला नीट आठवत होतं.