सेलूचा ऊ

फलाट दोनच्या वर सहा पॅनल जोडले,
लोखंडी चौकटीत, खांद्याला खांदा लावून.
बत्तीस बाय सोळा, गुणिले सहा:
तीन हजार बहात्तर दिवे.
आणि त्यांना चालवणारा तो एवढासा,
माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांत मावेल असा.

कच्छवे कंट्रोलर खिडकीतून म्हणाले,
"पोरी, काय करायलीस? चिमणीनं बैल हाकायलीस का?"
हाकायचा नाही काका,
नुसतं कानात सांगायचं.

पण कानातच पोचेना.
हा बोलतो तीन व्होल्टच्या जरासं वर,
त्यांना पाचाच्या भाषेशिवाय कळत नाही.
लागले ते दिवे भलतेच,
डाळीत खडे निघावेत तसे.
मग अफरोजच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात,
गंजक्या स्क्रूंच्या खाली सापडली
वीस पायांची एक चिप,
चौऱ्याहत्तरच्या घराण्यातली.
हळू ऐकायचं, मोठ्यानं सांगायचं,
एवढंच तिचं काम.
अशी एक आत्या आमच्याही घरात आहे.

तरी अक्षरं थरथरत राहिली.
रात्रीचे नऊ, शेवटची पाथरी गेलेली,
मी मल्टिमीटर मांडीवर घेऊन शिडीखाली.
कुठं चुकलं?
दोघांची वीज दोन ठिकाणची होती
आणि शून्य ज्याचं त्याचं.
ह्याचे तीन त्याच्या लेखी तीन नव्हतेच.

एक काळी वायर ओढली इकडून तिकडं,
हातभर, आठ रुपयांची.
वरचं सगळं एका दमात थांबलं.
आमच्याकडं काळी म्हणजे रान,
हे मला घरी जाताना, रेल्वे फाटकाशी आठवलं.

दुसऱ्या दिवशी नावं चढवली.
इंग्रजी अक्षरं तयार मिळतात, पुडीत बांधलेली.
मराठी मिळाली ती मोठ्या मापाची होती,
सोळा ओळींत कमरेपर्यंतच मावली.
मानवत सुखरूप आलं,
त्या बिचाऱ्याला ना वर काही, ना खाली.
जिंतूरनं वेलांटी सांभाळली, टिंब सांभाळलं,
ऊकार मात्र गेला.
पूर्णेचं पर्णा झालं.
आणि सेलूच्या स्टँडवर, भर सेलूत,
लालभडक अक्षरांत: सेल.

कॉलेजची पोरं विचारू लागली, कशावर आहे?
"उधारीवर," कच्छवे म्हणाले, चेहरा न हलवता.

मग भाचीची चौकटीची वही घेतली.
चार ओळी मात्रेला, एक शिरोरेघेला,
आठ पोटाला, तीन पायाला.
पेन्सिलीनं एकेक चौकोन काळा करत
सोनपेठ, गंगाखेड, पाथरी,
पूर्णेचा रफार तीनदा खोडला.
कच्छवे चष्मा पुसून शेजारी बसायचे.
ढ-ला एवढी शेपूट नको,
ण-ला पाय दे की.
"एकतीस वर्षं माईकवर घेतली ही नावं,"
एकदा म्हणाले,
"दिसायला कशी असतात, बघितलंच नव्हतं."

आता दिसतात.
सेलूचा ऊ शेवटच्या ओळीला टेकलाय,
अंग चोरून, पण आहे.
तिसऱ्या पॅनलवर एक दिवा विनाकारण पेटलेला राहतो,
सापडत नाही का ते.
बिल डेपोत अडकलंय, साहेब रजेवर.

काल शिडीवर होते, सोल्डरिंग गन दातात,
खाली एक म्हातारी पिशवी धरून उभी,
डोक्यावर हातभर उंचीचं सोनपेठ झळकत असताना
मलाच विचारते,
"बाई, सोनपेठ लागली का?"

गन हातात घेतली.
लागली, म्हणाले.